'बेंडी' लवचीक खरं, पण प्रत्येक लवचीक 'बेंडी' नसतं

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. गेल्या महिन्याभरात एकाच शब्दानं मला चारदा अडवलं. तो शब्द म्हणजे 'बेंडी'. एका कंपनीला कामाच्या वेळेबद्दल मेल लिहीत होते. शब्दकोशात 'लवचीक'च्या पुढे 'बेंडी' दिसला, म्हणून लिहिलं, 'आय अ‍ॅम बेंडी अबाउट टायमिंग्ज.' उलट विचारणा आली, 'डू यू मीन फ्लेक्सिबल?' मग एका माहितीपत्रकातल्या 'बेंडी टॉय'चं मी 'वाकडं खेळणं' केलं, तर ते दुरुस्तीला परत आलं. एका गोष्टीत 'बेंडी रोड' आहे, आणि रस्ता लवचीक कसा असेल ते कळत नाही. आता बागांवरच्या एका जुन्या इंग्रजी लेखात 'बेंडी ट्री' आलंय. तिथे 'लवचीक झाड' असं लिहून ठेवलंय, पण मन मानत नाही. हा शब्द वापरायचा कुठे आणि वाचताना लावायचा कसा?
– एक भाषांतरकार

उत्तर

नमस्कार,

आधी मेलचं बघू, कारण ते वाक्य तुम्हाला पुन्हा लिहावं लागणार आहे.

'आय अ‍ॅम बेंडी अबाउट टायमिंग्ज' हे वाक्य व्याकरणात बसतं. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ते वाचून वेळापत्रक आठवत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे कमरेतून वाकणारं माणूस उभं राहतं. 'बेंडी' हा डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचा गुण आहे. ज्याचा वाक दिसतो किंवा ज्याला हातानं वाकवता येतं, त्यालाच तो लावतात: नळी, पट्टी, तार, फांदी, बोटं, रस्ता. वेळ, किंमत, मुदत, मत, धोरण यांना तो लावत नाहीत. आपल्या 'लवचीक'ला असं कुंपण नाही. छडी लवचीक, कापड लवचीक, स्वभाव लवचीक आणि धोरणही लवचीक. इंग्रजीत एवढा ऐसपैस शब्द 'फ्लेक्सिबल' आहे, आणि 'बेंडी'च्या वाट्याला त्यातला फक्त दिसणारा भाग आलाय. शब्दकोशानं एका ओळीत 'लवचीक' असा अर्थ दिला तो खोटा नाही, पण ही हद्द त्या ओळीत मावली नाही.

दुसरी अडचण शब्दाच्या तोऱ्याची. 'बेंड' हे जुन्या इंग्रजीतलं क्रियापद. त्याला 'वाय' हा प्रत्यय लागला की 'बेंडी' होतं, जसं स्ट्रेचचं 'स्ट्रेची', बाउन्सचं 'बाउन्सी', वॉबलचं 'वॉबली'. हे सगळे बोलण्यातले, हाताळण्यातले शब्द, लहान मुलांच्या तोंडीही सहज असणारे. 'फ्लेक्सिबल' आला लॅटिनमधून, 'वाकवणे' या अर्थाच्या 'फ्लेक्टेरे'पासून, आणि इंग्रजीत लॅटिनकडून आलेल्या शब्दांना कचेरीत, करारात, अहवालात चटकन जागा मिळते. आपल्याकडे डोळा आणि नेत्र यांचं असंच आहे. 'डोळ्यात कचरा गेला' म्हणतो, 'नेत्रात' कुणी म्हणत नाही. दवाखान्याच्या पाटीवर मात्र 'नेत्रतज्ज्ञ' असतो. 'बेंडी' डोळ्याच्या पंगतीतला. 'फ्लेक्सिबल' दोन्ही पंगतींत बसतो, म्हणून शंका आली की तोच घ्यावा.

हा फरक ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या रोजच्या व्यवहारात किती ठळक आहे ते पाहिलं की शब्द पक्का बसतो.

मधे घड्या असलेली, वाकवता येणारी पिण्याची नळी घ्या. तिचं अमेरिकी पेटंट १९३७ साली जोसेफ फ्रीडमन यांना मिळालं. उंच पेल्यातून सरळ नळीनं पिताना आपल्या लहान मुलीची होणारी धडपड पाहून त्यांनी नळीत एक स्क्रू घातला, बाहेरून त्याच्या आट्यांवर दात साफ करायचा दोरा गुंडाळून घड्या पाडल्या आणि मग स्क्रू काढून घेतला. पेटंटवर नाव होतं 'ड्रिंकिंग ट्यूब', पुढे काढलेल्या कंपनीच्या नावात शब्द आला 'फ्लेक्सिबल', आणि लोकांच्या तोंडी नळी झाली 'बेंडी स्ट्रॉ'. एकाच वस्तूची ही तीन नावं तीन पायऱ्यांची आहेत: कायद्याची, व्यापाराची आणि घरातली.

बसचंही तसंच. मधे फिरता सांधा आणि त्यावर भात्यासारखं आवरण असलेली जोडबस अधिकृत भाषेत 'आर्टिक्युलेटेड बस' असते. लंडनमध्ये २००२ ते २०११ या काळात अशा अठरा मीटर लांबीच्या बस धावल्या. लोक आणि वर्तमानपत्रं त्यांना 'बेंडी बस'च म्हणत, आणि त्या काढून टाकाव्यात की नाही हा महापौरपदाच्या निवडणुकीतला मुद्दा झाला तेव्हा भाषणांतही हाच शब्द आला. इथे 'लवचीक बस' हे भाषांतर करू नका. बसचे दोन्ही भाग आपापल्या जागी ताठच असतात. वळते ती मधल्या सांध्यापाशी. 'जोडबस' किंवा 'मधे वळणारी बस' म्हणा.

सगळ्यात बोलकं उदाहरण केळ्यांचं. युरोपीय संघाच्या १९९४ सालच्या २२५७ क्रमांकाच्या नियमात केळ्यांची प्रतवारी ठरवून दिली होती. किमान लांबी १४ सेंटीमीटर, किमान जाडी २७ मिलिमीटर, आणि फळाला 'अ‍ॅबनॉर्मल कर्व्हेचर' म्हणजे अवाजवी वाक नसावा. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी याचं केलं 'बेंडी बनाना'. नियमाच्या मजकुरात हा शब्द शोधून सापडणार नाही, पण वाद गाजला तो याच नावानं, आणि ब्रिटननं युरोपीय संघात राहावं की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमताच्या वेळीही तो पुन्हा वर आला. काकडीचा नियम आणखी जुना, १९८८ चा. त्यात वरच्या प्रतीच्या काकडीला दर दहा सेंटीमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपर्यंतच वाक चालत असे. तो १ जुलै २००९ पासून रद्द झाला, तेव्हा 'बेंडी' काकडी बाजारात परतल्याच्या बातम्या आल्या.

आता नीट बघा: नळीतला 'बेंडी' आणि केळ्यातला 'बेंडी' हे एकच नाहीत. नळी वाकू शकते, आणि केळं आधीच वाकलेलं आहे. पहिल्यात क्षमता आहे, दुसऱ्यात आकार. तुमची खेळण्याची आणि रस्त्याची अशा दोन्ही अडचणी इथून सुटतात.

रस्ता आकाराच्या गटातला. ब्रिटिश इंग्रजीत 'बेंड' म्हणजे रस्त्याचं वळण, म्हणून 'बेंडी रोड' म्हणजे ज्यावर अशी वळणं पुष्कळ आहेत तो. मराठीत यासाठी फार देखणा शब्द तयार आहे: नागमोडी. 'वळणावळणाचा' हाही चालेल, आणि गोष्टीच्या ओघात जो नीट बसेल तो घ्या. एकच वळण असलेल्या रस्त्याला 'बेंडी' म्हणत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकी लेखक अशा जागी बहुधा 'वाइंडिंग', 'कर्व्ही' किंवा 'ट्विस्टी' लिहितात. 'वाइंडिंग'चा धाकटा भाऊ 'वाइंडी' मात्र लिहिताना टाळा, कारण वाऱ्याच्या 'विंडी'चं स्पेलिंग हुबेहूब तेच आहे. 'डब्ल्यू-आय-एन-डी-वाय रोड' वाचून वाचक नागमोडी रस्त्यावर पोचेल की वादळी रस्त्यावर, हे संदर्भावरच ठरतं.

खेळणं क्षमतेच्या गटातलं, आणि तिथे 'वाकडं' हा शब्द दोन बाजूंनी बिघडला. एक तर 'वाकडं' म्हणजे वाकून झालेलं. दुसरं, मराठीत वाकडेपणाला दोषाचा वास आहे: वाकडी चाल, वाकडं तोंड, वाकड्यात शिरणं. ग्राहकाला वाटलं असणार की खेळणं सदोष आहे. असल्या खेळण्यात बहुधा आत धातूची तार आणि वर रबर किंवा फोम असतो. हात वर केला की वरच राहतो, पाय दुमडला की दुमडलेलाच. म्हणून भाषांतर हवं 'हवं तसं वाकवता येणारं खेळणं', किंवा आणखी नेमकं, 'वाकवाल तसं राहणारं खेळणं'. इथे 'लवचीक' चूक नसलं तरी अपुरं आहे. लवचीक वस्तू हात सोडल्यावर मूळ जागी येते असं आपल्याला वाटतं, आणि या खेळण्याची खुबी नेमकी उलट आहे. मजकुरात 'न तुटणारं' मात्र घालू नका. तार एकाच जागी पुन:पुन्हा वाकवली की तिथला धातू कडक होत जातो आणि शेवटी मोडतो. 'बेंडी'त अभंगतेचं आश्वासन नाही.

म्हणजे कुठेही 'बेंडी' आला की आधी विचारायचं: ही वस्तू वाकू शकते, की वाकलेली आहे? वाकू शकत असेल, तर सोडल्यावर परत येते की वाकलेलीच राहते? परत येत असेल तर 'लवचीक', राहत असेल तर 'वाकवता येणारी'. आधीच वाकलेली असेल तर वस्तूप्रमाणे 'वक्र', 'बाकदार', 'नागमोडी' किंवा नुसतं 'वाकलेलं'. 'बाकदार' शब्द हल्ली मागे पडलाय, पण केळ्याला, शिंगाला, चोचीला तो इतका चपखल बसतो की जरूर वापरा.

हे विचारूनही एक जागा फसवते. 'द कॅरट हॅज गॉन बेंडी' हे रोजचं ब्रिटिश वाक्य आहे. 'गाजर लवचीक झालंय' असं केलंत तर त्यातली तक्रार हरवेल. ताजं गाजर पेशींतल्या पाण्याच्या दाबामुळे ताठ असतं आणि वाकवलं की कटकन मोडतं. पाणी उडून गेलं की दाब कमी होतो आणि ते न मोडता वाकायला लागतं. म्हणजे इथे 'बेंडी'चा अर्थ शिळं, मऊ पडलेलं. 'गाजर लुळं पडलंय' म्हणा. जी वस्तू ताठ असायला हवी ती 'बेंडी' म्हटली की तो दोषच असतो. २०१४ साली एक नवा फोन खिशात वाकतो अशी ओरड झाली, तेव्हा त्या फोनला लागलेला 'बेंडी' हा शब्द कौतुकाचा नव्हता. घडी होणारे फोन त्यानंतर बाजारात आले. त्यांना इंग्रजीत 'फोल्डेबल' म्हणतात, 'बेंडी' नाही, कारण ते बिजागरीपाशी ठरलेल्या एका रेषेवरच मिटतात.

'गो बेंडी' हा जोड लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'द प्लास्टिक गोज बेंडी व्हेन इट वॉर्म्स अप' म्हणजे प्लास्टिक तापलं की मऊ पडून वाकायला लागतं. इथे 'बिकम्स' चुकीचं नाही, पण बोलण्यात 'गोज' जास्त येतं. तर-तम रूपं 'बेंडियर' आणि 'बेंडियस्ट', आणि लिहिताना त्यांतल्या 'वाय'चा 'आय' होतो. 'मोअर बेंडी' कानावर पडतं, पण लिहिताना 'बेंडियर'च लिहा. नाम 'बेंडीनेस', तिथेही 'वाय'च्या जागी 'आय' येतो. क्रियाविशेषण करायच्या फंदात पडू नका. 'इट बेंड्स ईझिली' म्हटलं की काम होतं.

उच्चारात मराठी माणसाची एक हमखास चूक होते. पहिला स्वर 'ए'चा आहे, 'अ‍ॅ'चा नाही. 'बँडी' म्हटलंत की शब्दच बदलतो: 'बँडी लेग्ज' म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला गेलेले, कमानीसारखे पाय. एखाद्या कसरतपटूच्या 'बेंडी लेग्ज'चं कौतुक करताना एवढा एक स्वर घसरला तर तिच्या पायांना नाव ठेवल्यासारखं होईल. जोर पहिल्या अक्षरावर द्या आणि शेवटचा 'डी' ऱ्हस्वाकडे ठेवा.

माणसांविषयी 'बेंडी' वापरताना जपून. कसरत करणारी मुलगी 'व्हेरी बेंडी' आहे असं तिच्या घरच्यांशी बोलताना म्हटलं तर ते प्रेमाचं असतं. ब्रिटनमध्ये ज्यांचे सांधे प्रमाणाबाहेर वळतात ते लोकही स्वतःला सहजपणे 'बेंडी' म्हणवतात. वैद्यकीय भाषेत याला 'हायपरमोबाइल' म्हणतात, आणि ते मोजायला नऊ गुणांची बायटन पट्टी वापरतात. करंगळी मागे नव्वद अंशांच्या पुढे जाते का, अंगठा मनगट आणि कोपर यांच्यामधल्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या दहा अंश पलीकडे वळतात का, गुडघे न वाकवता पूर्ण तळवे जमिनीला टेकतात का, हे पाहतात. काहींना याचा काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र वेदना होतात, सांधे निखळतात, एहलर्स-डॅनलॉससारखे, सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींचे विकार असतात. तेव्हा त्यांनी स्वतःबद्दल म्हणणं वेगळं आणि दुसऱ्यानं गमतीनं म्हणणं वेगळं. आरोग्यविषयक मजकुरात 'अंगानं लवचीक' लिहिलंत तर ते कौतुक ठरेल, म्हणून तिथे 'सांधे प्रमाणाबाहेर वळणारे' असंच लिहा. आणि कामाच्या ठिकाणी कुणाच्याही शरीराला हे विशेषण लावू नका. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

याच घरातला 'बेंट' हा शब्द त्याहून धोक्याचा. वाकलेल्या खिळ्याला 'बेंट नेल' म्हणणं अगदी ठीक. पण ब्रिटिश बोलीत 'बेंट' माणूस म्हणजे लाचखाऊ, बेइमान, आणि समलिंगी पुरुषांसाठी तो अपमानाचा शब्द म्हणूनही वापरला गेलाय. 'क्रुकेड'ही माणसाला लागला की लबाड. म्हणजे 'वाकडा माणूस' या मराठी कल्पनेचं बोट धरून इंग्रजीत गेलात तर जे म्हणायचं नव्हतं ते म्हणून बसाल.

आता शेजारपाजारचे शब्द. यांची अदलाबदल फार होते, आणि माहितीपत्रकांच्या कामात तुम्हाला ते रोज भेटतील. वस्तूचं एक टोक धरून दुसरं दाबून बघा, हीच कसोटी. न मोडता वाकली तर 'बेंडी' किंवा 'फ्लेक्सिबल'. ओढल्यावर लांबली तर 'स्ट्रेची'. वाकणं आणि ताणणं वेगळं आहे: पोलादाची पातळ पट्टी वाकते, पण हातानं ताणली जात नाही, म्हणून ती 'बेंडी' आहे आणि 'स्ट्रेची' नाही. सोडल्यावर मूळ आकार घेतला तर 'इलॅस्टिक', उसळून घेतला तर 'स्प्रिंगी'. धरून ठेवल्यावर टोक आपोआप खाली लोंबलं तर 'फ्लॉपी'. लुळ्या गाजराला 'बेंडी' आणि 'फ्लॉपी' दोन्ही चालतात, पण वाकवायच्या नळीला 'फ्लॉपी' म्हटलंत तर ती विकली जाणार नाही. हळूहळू दाबून हवा तो आकार देता आला तर 'प्लायेबल'. हा शब्द माणसाला लागला की दुसऱ्याच्या कलानं सहज वळणारा, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहू नये असाच. 'सपल' हा कमावलेल्या कातड्याचा, त्वचेचा आणि सरावलेल्या शरीराचा शब्द. त्यात मऊपणा आहे आणि सुरकुती न पडण्याचा गुण आहे. 'लाइद' सडपातळ, डौलदार हालचालीच्या अंगाला. 'लिंबर' व्यायामानं मोकळ्या झालेल्या अंगाला, म्हणून खेळाआधी 'लिंबर अप' करतात. 'मॅलिएबल' म्हणजे ठोकून पत्रा होणारा धातू आणि 'डक्टाइल' म्हणजे ओढून तार होणारा. भौतिकशास्त्राच्या मजकुरात या दोघांना 'बेंडी' म्हणणं ही निव्वळ चूक होईल, तिथे 'वर्धनीय' आणि 'तन्य' हे मराठी शब्द ठरलेले आहेत.

औपचारिक लेखनात 'बेंडी' नको, या नियमाला एक सणसणीत अपवाद लाकूडकामाचा. ब्रिटनमधल्या लाकडाच्या व्यापारात 'बेंडी प्लाय' आणि 'बेंडी एमडीएफ' (एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) ही मालाची रोजची नावं आहेत, दरपत्रकातही हीच असतात. साध्या प्लायमध्ये एकावर एक येणाऱ्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून ते दोन्ही दिशांनी ताठ राहतं. बेंडी प्लायमध्ये वरच्या-खालच्या जाड थरांचे तंतू एकाच दिशेनं असतात आणि मधला आडवा थर पातळ असतो, त्यामुळे ते एका दिशेनं गोल वळतं आणि दुसऱ्या दिशेनं नाही. बेंडी एमडीएफच्या एका अंगाला समांतर खाचा पाडलेल्या असतात, ते खाचांच्या आडव्या दिशेनं वळतं. असं काम आलं तर 'लवचीक प्लाय' एवढंच लिहून सोडू नका. 'एका दिशेनं वळणारं प्लाय' असं लिहा आणि दिशा मूळ मजकुरातून तपासून घ्या, नाहीतर गोल खांबाला लावायचा तक्ता उलटा मागवला जाईल.

मेलकडे परत येऊ. तुमच्या वाक्याची सरळ दुरुस्ती 'आय अ‍ॅम फ्लेक्सिबल अबाउट माय वर्किंग अवर्स'. वेळेसाठी 'अबाउट' किंवा 'विथ', आणि किमतीसाठी बहुतेक वेळा 'ऑन': 'वुई आर फ्लेक्सिबल ऑन प्राइस'. 'टायमिंग्ज' या अनेकवचनाचा असा वापर आपल्याकडच्या इंग्रजीत रुळलाय, पण परदेशी ग्राहकाला 'अवर्स' पटकन कळतं. तरी इतक्यावर थांबू नका. नुसतं 'फ्लेक्सिबल' म्हटलं की समोरचा त्याचा अर्थ 'कधीही, कितीही' असा लावायला मोकळा होतो. पुढच्याच वाक्यात चौकट सांगा: 'आय कॅन वर्क एनी फोर अवर्स बिट्वीन नाइन अँड सिक्स.' अशा वाक्यात लवचीकपणाही दिसतो आणि त्याची मर्यादाही.

इथे एक गोष्ट गोंधळात टाकू शकते. 'बेंड' हे क्रियापद अमूर्त गोष्टींना बिनदिक्कत लागतं. 'बेंड द रूल्स' म्हणजे नियमाला मुरड घालणं, 'बेंड द ट्रूथ' म्हणजे सत्याला मुरड घालणं, 'बेंड ओव्हर बॅकवर्ड्स' म्हणजे एखाद्यासाठी जिवाचं रान करणं. मग 'बेंडी रूल्स' का नाही? कारण क्रियापद रूपकात जाऊन रुळलंय, विशेषण अजून वस्तूंपाशीच आहे. एखाद्या मथळ्यात 'बेंडी रूल्स' दिसले तर ते जाणूनबुजून केलेलं शब्दखेळ समजा. वाचायला मजेदार, पण अर्जात किंवा परीक्षेच्या निबंधात उचलू नये असं.

शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत आणि दोन्हींचा 'बेंड' क्रियापदाच्या या 'वाय' प्रत्ययाशी संबंध नाही. एक ढालींवरच्या कुलचिन्हांच्या परिभाषेतला. तिथे 'बेंड' म्हणजे ढालीवरचा तिरका पट्टा, आणि 'बेंडी' म्हणजे तिरक्या पट्ट्यांत विभागलेली ढाल. बर्गंडीच्या जुन्या चिन्हाचं वर्णन सोनेरी आणि निळ्या सहा पट्ट्यांचं 'बेंडी ऑफ सिक्स' असं करतात. असा मजकूर क्वचितच हाती येईल. आला तर 'तिरपे पट्टे असलेली' एवढं पुरे.

दुसरा अर्थ तुमच्या झाडाचा. मन मानत नव्हतं ते बरोबरच होतं. त्या 'बेंडी'त वाकणं नाहीच, तो आपलाच शब्द आहे: भेंडी. भारतात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी 'भ'चा 'ब' झाला आणि लिहिताना 'बेंडी', 'बिंडी' अशी रूपं आली. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बेंडी'ची भाजी म्हणून नोंद आहे, आणि 'बेंडी ट्री'ची वेगळी. ते झाड म्हणजे थेस्पेसिया पॉप्युल्निया, ज्याला आपण पारोसा पिंपळ किंवा भेंडीचं झाड म्हणतो. दोन्ही एकाच कुळातली आहेत, म्हणून फुलांची ठेवण सारखी वाटते. तुमच्या लेखात पुढेमागे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पानं, पिवळी फुलं आणि सुकताना त्यांचं लालसर-जांभळं होणं असं काही वर्णन असेल तर शंकाच उरत नाही. लेख एकोणिसाव्या शतकातला असेल आणि 'बेंडी'च्या पुढे ट्री, पॉड किंवा लीफ असेल, तर आधी हाच अर्थ लावून बघा. 'लवचीक झाड' खोडून तिथे 'पारोसा पिंपळ' लिहा, आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप द्या की मूळ लेखातला 'बेंडी' म्हणजे 'भेंडी'.